काचा पांढऱ्या पडल्या तो उन्हाळा

एप्रिल लागला की मी दुसऱ्याच्या घरी हात मागे बांधून उभा राहतो. हे माझं मला ठाऊक नव्हतं. लग्नानंतर बायकोनं दाखवून दिलं. धुळ्याला तिच्या मावशीकडे गेलो होतो. स्वयंपाकघरात सगळे आमरसाच्या पातेल्याभोवती जमलेले आणि मी दारात, पाठीला भिंत लावून. "तुम्ही असे तपासणीला आलेल्या साहेबासारखे काय उभे राहता?" ती म्हणाली. मी हसलो. साहेबासारखा नाही, ज्याची तपासणी चालली आहे त्याच्यासारखा, हे तिला तेव्हा सांगितलं नाही.

ऊन तापायला लागलं, दुपारी रस्ते ओस पडले, खिडक्यांना ओली पोती लटकली की माझ्या अंगात जळगावची ती प्रयोगशाळा जागी होते. नव्वदीच्या सुरुवातीची वर्षं. एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष. तोवर मी कुणावर फारसा संशय घेतलेला नव्हता आणि माझ्यावर तर कुणीच नाही. शिंदखेडा तालुक्यातल्या एका गावचा मी, घरची कोरडवाहू शेती. आमच्याकडे कुणाची शेळी कुणाच्या कपाशीत शिरली तरी गावभर ओरडून भांडण व्हायचं आणि संध्याकाळपर्यंत मिटायचं. मनात ठेवून बघत राहणं हा प्रकार मी जळगावात शिकलो.

जळगावचं ऊन सांगून समजत नाही. दुपारी लोखंडी कठड्याला हात लागला तर हात झटकावा लागे. डांबर चपलेला धरून ठेवी. आमची प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर, पश्चिमेच्या अंगाला, त्यामुळे तीन वाजता तिथे भट्टी पेटलेली असे. स्टुलावर वर्तमानपत्र घातल्याशिवाय बसता येत नसे. बाटलीचं बूच काढलं की फुस्स असा आवाज व्हायचा आणि क्लोरोफॉर्मचा गोड, डोकं हलकं करणारा वास खोलीभर फिरायचा. त्या खोलीत आम्ही तीन विद्यार्थी काम करायचो. चंद्रकांत, मंगला आणि मी. आमच्यावर सरोदे सर, आणि दाराशी किल्ल्यांचा जुडगा घेऊन बसलेले शिपाई नथ्थूआबा.

चंद्रकांत रावेरकडचा, केळीवाल्या घरातला. आम्ही एकाच खोलीत भाड्यानं राहायचो, एकाच खानावळीत जेवायचो. तो माझ्या अहिराणीला हसायचा, तो केळीला 'केयी' आणि डोळ्याला 'डोया' म्हणायचा, त्याला मी हसायचो. त्याच्या वडलांनी घड पाठवला की खोलीत पंधरा दिवस पिकलेल्या केळ्यांचा वास राहायचा आणि आम्ही भाकरीशीसुद्धा केळीच खायचो.

त्या खोलीत काचेवर पातळ थर चढवायचं एक यंत्र होतं, ते मी बनवलं होतं. आता त्यात विशेष काही वाटणार नाही. दोंडाईच्याला शिलाई मशिनी दुरुस्त करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून जुनी मोटर आणली. तिच्या आसावर अॅल्युमिनियमची गोल चकती बसवली. भोवती एक पातेलं, बुडाला भोक पाडून आस वर काढलेला, म्हणजे उडणारे थेंब अंगावर येऊ नयेत. वर झाकण. पातेल्याला एका बाजूनं चार बोटं रुंद खाच कापली होती. तिच्यातून काचेवर थेंब टाकायचा. चकतीवर काचेची पट्टी चिकटवायची, थर्माकोल क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून केलेलं दाटसर पाणी तिच्या मध्यावर सोडायचं आणि मोटर चालू करायची.

मग जे व्हायचं ते बघताना मी तहान विसरायचो. मध्यावरचा तो टपोरा थेंब क्षणभर थरथरायचा आणि एकदम चारी बाजूंना पळत सुटायचा. जास्तीचं सगळं कडेवरून उडून पातेल्याला लागायचं. राहायचा तो इतका पातळ पापुद्रा, की काच ओली आहे की कोरडी ते कळू नये. गंमत अशी, की तुम्ही थेंब जरा वाकडा टाकलात तरी बिघडत नसे. फिरता फिरता द्रव आपला आपण सारखा होत जायचा. जाड असेल तिथून लवकर निघून जायचा, पातळ असेल तिथे रेंगाळायचा. आणि पातळ होता होता इतका चिवट व्हायचा, की मोटर कितीही पिटाळा, उरलेला थर काच सोडत नसे. फक्त अगदी कडेला एक अरुंद, जाडसर वळ राहायचा. वाळल्यावर काच काळ्या कागदावर तिरकी धरली की फिकट रंग दिसायचे. सोनेरी, मग जांभळट, मग निळसर. वेग वाढवला की रंग बदलायचा, म्हणजे जाडी बदलली.

त्या वेगाचं आणि जाडीचं गणित मांडायचं, असा तो विषय होता. मला तो हवा होता. सरांनी तो चंद्रकांतला दिला.

"देवरे, यंत्र तुम्ही छान केलंत," सर सगळ्यांसमोर म्हणाले. "पण मोजमाप चंद्रकांतला करू दे. तुमचा हात सुताराचा आहे, त्याचा गणिताचा."

मला माती मिळाली. खानदेशातल्या गावोगावच्या मातीतून वीज किती वाहते ते मोजायचं. मला वाईट वाटलं, आणि ते माझ्या चेहऱ्यावर सगळ्यांनी बघितलं. पुढं जे झालं त्याचं बी तिथंच पडलं असावं. माणसाला वाईट वाटलेलं इतरांनी बघितलं, की त्याच्या खात्यावर एक कारण जमा होतं. काहीही बिघडलं की ते कारण काढून वापरता येतं.

मार्चभर चंद्रकांतच्या काचा सुरेख आल्या. तो लहान पोरासारखा प्रत्येक काच घेऊन माझ्याकडे यायचा. "पाह्य रे, हा जांभया पाह्य!" मी बघायचो. हेवा वाटायचा आणि आनंदही व्हायचा. दोन्ही खरं होतं. सर फार खूश होते. बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना हेच काम आधी दाखवायचं, आणि ते नीट झालं तर चंद्रकांतला पुढं संशोधनाला कुठं तरी चिकटवून द्यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. चंद्रकांतला केळीच्या बागेत परत जायचं नव्हतं. धाकट्या भावानं शिक्षण सोडलं होतं ते यानं शिकावं म्हणून. एवढं सगळं त्या पापुद्र्यावर उभं होतं.

एप्रिलच्या सुरुवातीला सरांनी ऑफिसातला जुना कूलर आमच्या खोलीत आणवला. मंगलाला एकदा उन्हानं चक्कर आली होती, म्हणून. मंगला आमच्याबरोबरची, भुसावळहून रोज ये-जा करणारी, कमी बोलणारी मुलगी. कूलर यंत्राशेजारच्या खिडकीत बसवला. पाणी खालच्या हौदातून बादलीनं आणावं लागे; हौद कोरडा असेल त्या दिवशी कूलरही कोरडा. मी सकाळी सगळ्यांच्या आधी यायचो, त्यामुळे ते काम माझ्याकडे आलं. कुणी सांगितलं नाही. एकदा भरलं, दुसऱ्यांदा भरलं, मग ते माझंच झालं. लाकडाच्या किसाचे ते पडदे भिजले की ओल्या लाकडाचा वास सुटायचा आणि मंगला डोळे मिटून त्या वाऱ्यासमोर उभी राहायची. नथ्थूआबासुद्धा काही तरी निमित्त काढून आत यायचे.

आणि काचा पांढऱ्या पडायला लागल्या.

पहिली पांढरी काच बघून आम्ही हसलो. दुधात बुडवून काढल्यासारखी दिसत होती. रंग नाही, पट्टे नाहीत, आरपार काही दिसत नाही. चंद्रकांतनं ती पुसून टाकली. दुसरी काच तशीच. तिसरी जरा बरी. दुपारनंतर पुन्हा पांढरी. त्यानं काचा साबणानं धुतल्या, स्पिरिटनं पुसल्या. नवीन थर्माकोल आणला. बाटली बदलली. एखादा दिवस काचा साफ यायच्या आणि त्याचा जीव भांड्यात पडायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

जी गोष्ट कधी होते आणि कधी होत नाही, तिच्यामागे माणूस आहे असं वाटायला वेळ लागत नाही.

नक्की कोणत्या दिवशी माझ्याकडे बघण्याची तऱ्हा बदलली ते मला सांगता येणार नाही. एवढं आठवतं, की मी आत आलो आणि चाललेलं बोलणं थांबलं. मग मंगलानं आपलं स्टूल थोडं पलीकडे सरकवलं. मग क्लोरोफॉर्मची बाटली सरांच्या कपाटात गेली आणि कपाटाला कुलूप लागलं. एकदा नथ्थूआबा मला म्हणाले, "देवरेभाऊ, तुम्ही जरा तिकडून फिरून जा ना. त्या टेबलाजवळून कायले जाता?" आवाज मऊ होता. मऊ होता म्हणूनच जास्त लागला.

मग एका संध्याकाळी खोलीवर आलो तर चंद्रकांतच्या ट्रंकेला कुलूप. दोन वर्षं त्या ट्रंकेतून मी त्याला न विचारता साबण, पोस्टकार्ड, चिवडा काढत आलो होतो. मी कुलपाकडे बघितलं. त्यानं मी बघताना बघितलं. "उंदीर झाले रे लय," तो म्हणाला. उंदीर ट्रंकेचं झाकण उचलत नाहीत, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. आम्ही दोघं खानावळीत गेलो, शेवभाजी खाल्ली आणि परत आलो. 

सरांनी मला एकट्याला बोलावलं.

"देवरे, तुम्हाला तो विषय हवा होता?"

"हो सर."

"अजूनही हवाय?"

मी खरं बोललो. "हवाय सर."

 सरांच्या टेबलावर पेपरवेट होता, तो ते बोटानं गोल गोल फिरवत होते. "बरं," ते म्हणाले. "जा तुम्ही." एवढंच. त्यांनी आरोप केला असता तर मी नाही म्हणालो असतो, चिडलो असतो. पण आरोपच नव्हता. न झालेल्या आरोपाला उत्तर कसं द्यायचं?

संशयाची एक वाईट गोष्ट मला त्या दिवसांत कळली: तो एका बाजूनं राहत नाही. माझ्यावर संशय आहे म्हटल्यावर मीही इतरांकडे तसाच बघायला लागलो. मंगला एवढी गप्प का असते? परीक्षकांना चंद्रकांतचंच काम आधी दाखवणार, मग हिला काही वाटत नसेल? नथ्थूआबांकडे सगळ्या किल्ल्या. त्यांचा पुतण्या मागच्या वर्षी सरांनी नापास केला होता, असं कुणी तरी म्हणालं होतं. आणि चंद्रकांत? त्याला गणित जमेना झालं असेल आणि तोच आपल्या हातानं काचा बिघडवून माझं नाव पुढं करत असेल तर? हा विचार आला तेव्हा मी स्वतःलाच घाबरलो. पण आला, आणि गेला नाही.

इतकंच काय, मी माझ्या हातांवरही संशय घेतला. माती मोजून मी येतो. तिची धूळ माझ्या कपड्यांवरून उडत असेल का? मी खोलीवरून अंगाला तेल लावून येतो, त्याचं काही? मी हात पुन्हा पुन्हा धुवायला लागलो. मग वाटलं, एवढे हात धुताना कुणी बघितलं तर काय म्हणतील? मग हात धुणं सोडून दिलं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी गावी गेलो. आमच्याकडे आखाजी म्हणजे दिवाळीहून मोठी. सासरी गेलेल्या सगळ्या पोरी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. माझी बहीण आली होती. घरात खापरावर पुरणपोळ्या चालल्या होत्या, आंब्याच्या कोयींचा ढीग, माश्या, धूर, हसणं. ओट्यावर पुरुष पत्ते कुटत बसले होते. मी कोपऱ्यात.

सगळे हसताना मला एकटं बसलेलं बघून माय पोळी उलटता उलटता म्हणाली, "बठ्ठा उनात, हसी राहिनात. तूच असा काबर बठेल शे?"

"काही नही, माय."

"काय व्हयनं, माले सांग. तुनं तोंड सांगस ना."

काय सांगणार? काचेवर थर्माकोलचा पापुद्रा पांढरा पडतो आणि लोक माझ्याकडे बघतात, हे अहिराणीत कसं म्हणायचं ते मला सुचेना. मराठीत तरी कुठं सुचलं होतं! मी म्हणालो, "उन्हाळा लय शे तठे." तिनं माझ्या ताटात आणखी एक पोळी टाकली आणि वर तुपाची धार धरली. त्या घरात मी हात कुठंही लावू शकत होतो. पिठात, मडक्यात, बहिणीच्या पोराच्या गालाला. तीन-चार दिवसांनी दोंडाईच्याला गाडीत बसलो तेव्हा नरडाणा मागं पडेपर्यंत बरं वाटत होतं. मग जळगाव जवळ यायला लागलं.

चंद्रकांत खोलीवर होता. कामापायी तो आखाजीलासुद्धा घरी गेला नव्हता. मी पिशवीतून पोळ्यांचा डबा काढला, त्याच्यापुढं ठेवला. त्यानं तो उघडला नाही.

"किशोर, तू नव्हता त्या दिवसांत सगळ्या काचा साफ आल्या," तो म्हणाला.

"सगळ्या?"

"एक बी पांढरी नई."

"मग?"

"मग काही नई. मी फक्त सांगून राह्यलो."

तो भिंतीकडे तोंड करून झोपला. भर दुपारी. मी डब्याकडे बघत बसलो. तो खोटं बोलत नव्हता, ते मला दिसत होतं. आणि मी काही केलं नव्हतं, तेही मला माहीत होतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असतील, हे कोडं माझ्याच्यानं सुटेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीप्रमाणे लवकर गेलो, बादल्या आणल्या, कूलर भरला, माझ्या मातीच्या डब्यांशी जाऊन बसलो. अकराच्या सुमारास पहिली काच निघाली. पांढरी.

 चंद्रकांतनं ती काच टेबलावर ठेवली आणि डोक्याला हात लावून खाली बसला. सर आले, त्यांनी काच बघितली, मला बघितलं. "देवरे, उद्यापासून तुमचं सामान बाहेर व्हरांड्यात घ्या. हवा चांगली असते तिथं." व्हरांड्यात दुपारी अंगाची लाही लाही व्हायची. दुसऱ्या दिवशी नथ्थूआबांनी माझं टेबल उचलायला हात लावला आणि मग आपलं स्टूल माझ्या आणि दाराच्या मध्ये आणून ठेवलं. दिवसभर ते तिथंच बसले. मला पाणी हवं का, असंही अधूनमधून विचारत होते.

मी बाहेर गेलो आणि काचा पुन्हा साफ यायला लागल्या. म्हणजे आता कुणाला शंकाच उरली नाही. आतून चंद्रकांतच्या हसण्याचा आवाज आला, तेव्हा मी मातीच्या डब्यात बोट खुपसून बसलो होतो. वाटलं, सोडून जावं. परीक्षा नको, पदवी नको. गावी जाऊन शेती करावी. पण गेलो असतो तर ते कबुलीसारखं दिसलं असतं. राहिलो, तर निर्लज्जपणासारखं दिसत होतं.

असेच दोन-तीन दिवस गेले असतील. एका दुपारी आतून मोटरचा आवाज एकदम बसला. कुरकुर, मग काही नाही. थोड्या वेळानं मंगला दारात आली. तिनं माझ्याकडे न बघता म्हटलं, "देवरे, मोटर बंद पडली. सर म्हणतायत, तुम्ही बघता का?"

यंत्र माझं होतं, त्यामुळे दुसऱ्या कुणाला ते उघडता येत नव्हतं. मी आत गेलो. सर, चंद्रकांत, मंगला तिघंही माझ्या हातांकडे बघत होते, नथ्थूआबा दारातून. मी झाकण उचललं. आसाला सूत गुंडाळलं गेलं होतं, एवढंच. पण चकतीवर काच तशीच होती. थेंब टाकून मोटर लावल्याबरोबर ती अडकली होती, त्यामुळे काच फिरलीच नव्हती. द्रव जिथल्या तिथं वाळला होता.

ती काच अर्धी पांढरी होती. अर्धी साफ.

मी तिला हात लावला नाही. खाली वाकून नुसती बघत राहिलो. पांढरा भाग खाचेच्या बाजूला. आत, पातेल्याच्या आडोशाला गेलेला भाग काचेसारखा स्वच्छ. आणि तेव्हा माझ्या मनगटाला वारा लागला. गार, ओला वारा. खाचेतून आत शिरत होता. मी मान वळवली तर खिडकीत कूलर चालू होता, पडद्यांवरून पाणी ठिबकत होतं.

फिरणाऱ्या काचेला बाजू नसते. वारा एका अंगानं आला तरी फिरता फिरता तो सगळ्या काचेला सारखा लागतो, आणि काच सगळीच्या सगळी पांढरी होते. कुठून काय आलं ते सांगत नाही. थांबली तेव्हा तिनं सांगितलं.

"कूलर बंद करा," मी म्हणालो.

"काय?" सर म्हणाले.

"सर, क्लोरोफॉर्म भराभर उडतो, तेव्हा काच गार होत असणार. गार पाण्याच्या पेल्याला बाहेरून घाम येतो तसा तिला हवेतला ओलावा धरतो. एरवी आपल्या हवेत ओलावा असतोच कुठं? हा कूलरचा आहे. तेच बारीक थेंब पापुद्र्यात खड्डे पाडतात, म्हणून पांढरं दिसतं."

 मला वाटलं होतं, सरांचा चेहरा उजळेल. ते म्हणाले, "तुम्हाला बरोबर कसं सापडलं?"

मी आजही तो प्रश्न कधी तरी मनात ऐकतो. जो चोर नाही त्याला चोरीची वाट कशी ठाऊक, असा त्यात सूर होता. मी काचेकडे बोट दाखवलं.

तेव्हा मंगला बोलली. "सर, आज कूलर मी भरला. सकाळी फार उकडत होतं. त्याआधी देवरे बाहेर गेल्यापासून कुणी पाणी भरलंच नव्हतं." तिनं कूलरकडे बघितलं. "आखाजीतही नव्हतं भरलं. मी नात्यातल्या एका पुण्यतिथीला म्हणून एकच दिवस आले होते शहरात, तेव्हा डोकावले होते. चंद्रकांत बनियनवर काम करत होते. कूलर कोरडा होता."

चंद्रकांतनं स्वतः उठून कूलर बंद केला. मी सूत काढलं, मोटर चालू केली. आम्ही खोलीतला ओला वास जाईपर्यंत थांबलो, घामाच्या धारा पुसत. मग काच केली. साफ. जांभळट. कूलर लावला, काच केली. पांढरी. बंद केला. साफ. चंद्रकांत घाईघाईनं टाकत होता, त्यामुळे थेंब वाकडे पडत होते, पण त्यानं काही बिघडत नव्हतं.

थंड हवेवर कोण संशय घेणार? तिला तर सगळ्यांनी डोळे मिटून अंगावर घेतलं होतं.

शेवटी सर म्हणाले, "म्हणजे झालं ते तुमच्यामुळेच, देवरे. पाणी तुम्हीच भरत होतात." आणि हसले. सगळे हसले. मीही हसलो असेन. विनोद होता. पण माझी सुटका झाली ती अशी: नाव तेच राहिलं, फक्त गुन्हा बदलला.

पुढं सगळं चांगलंच झालं. चंद्रकांतनं ओलाव्याचं एक वेगळं प्रकरण लिहिलं आणि परीक्षकांना तेच सगळ्यात आवडलं. त्याला पुढं संशोधनाची जागा मिळाली. मी मातीवर पास झालो, बऱ्या गुणांनी. माझं टेबल पुन्हा आत आलं. ट्रंकेचं कुलूप निघालं. मंगला एक दिवस डब्यातून माझ्यासाठी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा घेऊन आली आणि टेबलावर ठेवून गेली. कुणी माफी मागितली नाही. कुणी आरोपच केला नव्हता, मग माफी कशाची मागणार?

शेवटच्या दिवशी चंद्रकांत मला स्टेशनवर सोडायला आला. सुरतेकडची पॅसेंजर लागलेली होती. त्यानं माझी वळकटी दारातून आत ढकलली आणि खिडकीच्या गजांना धरून उभा राहिला.

"किशोर, एक सांगायचं होतं. तुह्यं नाव सगळ्यात आधी कोनी घेतलं..."

"नको," मी म्हणालो.

"अरे, पन..."

"नको सांगू. झालं ते झालं."

त्याच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं दिसलं. गाडी हलली. मला त्या वेळी आपण फार मोठं मन दाखवलं असं वाटत होतं. अमळनेर यायच्या आतच मला कळलं, की मी चूक केली. नाव ऐकलं असतं तर एकच माणूस उरला असता, बाकीचे मोकळे झाले असते. आता ते चौघंही माझ्या डोक्यात रांगेनं उभे होते.

काही वर्षांनी चंद्रकांतचं लग्न झालं, त्याच्या गावी, केळीच्या बागेत मांडव घालून. मी तेव्हा धुळ्याला नोकरीला होतो, तिथून गेलो. सगळे आले होते. सरोदे सरांचे केस पांढरे झाले होते; त्यांनी मला मिठी मारली आणि आपल्या जावयाला सांगितलं, "हा माझा सगळ्यात हुशार विद्यार्थी." मंगला नवऱ्याबरोबर आली होती, तिनं माझ्या मायची चौकशी केली. नथ्थूआबांनी पंगतीत माझ्यासाठी जागा धरून ठेवली, मांडीखालचं पोतं काढून मला दिलं. केळीच्या पानावर भरीत आणि पुऱ्या. सगळे आग्रह करत होते. मी खात होतो आणि एकेकाच्या चेहऱ्याकडे बघत होतो. सरांच्या मिठीत मला जरा जास्तच जोर वाटला. मंगलानं मायची चौकशी केली ती नजर चुकवून की काय? आबांनी पोतं का दिलं?

जेवणानंतर चंद्रकांत हळदीच्या अंगानं, मुंडावळ्या मागं टाकून, हात धुवायला विहिरीकडे आला. आम्ही दोघंच होतो.

मी विचारलं. "चंदू, त्या दिवशी स्टेशनवर तू सांगत होतास. माझं नाव आधी कोणी घेतलं होतं?"

त्यानं तोंडावर पाणी मारलं. मग खांद्यावरच्या उपरण्यानं तोंड पुसत अगदी मनापासून म्हणाला, "कोनाचं नाव रे? काय म्हनून राह्यला तू? मले तं काही आठवतच नई आता."

मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. तो खरंच विसरला होता बहुतेक. त्याच्या डोळ्यांत काही लपवल्याची खूण नव्हती, ओलं तोंड स्वच्छ होतं, आणि बायको मांडवात वाट बघत होती म्हणून तो मला हसून, पाठीवर थाप मारून पळाला. माझा त्याच्यावर विश्वास बसला नाही.